घरचे मोठे विरुद्ध शासन

त्या हिवाळ्यात माझी मोठी जाऊ मला रोज राजूरच्या घाटात भेटायची. ती असायची घरी, मोताळ्यात, मांडीवर लेकरू घेऊन. मी बुलढाण्याहून परतीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून. फोनवर माझ्या ओळीखाली एक बारीक रेघ लुकलुकायची, रेघेच्या डोक्यावर तिचं नाव, आणि मग धुक्यातून कोणी चालत यावं तशी अक्षरं यायची: ‘हे समजलं नाई. करार केव्हा मोडला म्हनाचा?’ मी उत्तर लिहायला घेतलं की रेंज जायची. बाहेर घाट, आत पेंगणारी माणसं, आणि मी पलीकडून ती कधी बोलते याची वाट पाहत बसलेली.

आम्ही दोघींनी मिळून लॉला नाव घातलं होतं. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, नाही म्हणाले नाहीत, पण अट घातली, “पहिल्या परीक्षेत दोघी पास झाल्या त पुढं शिका. एक जरी नापास झाली त दोघींचं बंद.” आणि वर्ग सुरू होतात न होतात तोच जाऊ बाळंतीण झाली. कॉलेजनं तिला हजेरीची सूट दिली. परीक्षेची सूट कोण देतो? मी शिकून यायचं आणि तिला घरबसल्या शिकवायचं, एवढाच मार्ग उरला.

मग टिपणं लिहायच्या ॲपची शोधाशोध सुरू झाली. वर्गातल्या पोरींनी सुचवलेलं पहिलं ॲप नुसतं नटवं होतं. विषयाविषयाला रंग, कडेला चित्रं, पण रेंज गेली की कोरी पाटी. असं नटून काय चुलीत घालायचं? दुसरं अख्खा तास रेकॉर्ड करायचं. त्यात कायद्यापेक्षा सरांचा खोकलाच जास्त, आणि लावलं की लेकरू उठायचं. मी तर वैतागून म्हटलं, “राहू द्या बाई, वहीचे फोटो पाठवतो.” त्यावर जाऊ हसली, “तुय अक्षर वाचाले ज्योतिषी लागन वं.”

तिसरं साधंच निघालं. रंग नाही, ढंग नाही. पण एकाच पानावर दोघींना लिहिता यायचं, रेंज नसली तरी लिहिलेलं राहायचं आणि एक शब्द टाकला की नेमकं ते पान समोर यायचं. गच्चीवर तुरीच्या शेंगा वाळत होत्या. एका टोकाला ती बसली, एका टोकाला मी. तिनं लिहिलं, ‘जेवली का?’ आणि ते माझ्या हातात उमटलं. दहा पावलांवरून विचारता आलं असतं, तरी आम्ही वेड्यासारख्या हसलो. ॲपनं नाव विचारलं तेव्हा तिनं माहेरचं टाकलं. लग्नात तिचं नाव बदललं होतं, पण ते नवं नावही घरात कोणाच्या तोंडी नव्हतं. सगळ्यांसाठी ती नुसती ‘मोठी’.

मी वर्गात जमेल तसं खरडायची. ती दुपारी लेकरू निजवून ते निवडायची, तूर पाखडावी तसं. सकाळी उघडावं तर सगळं कसं जागच्या जागी. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू!

परीक्षा तोंडावर आली तेव्हा सर म्हणाले, एक निकाल पाठच करा, हमखास येतो. बसमध्ये मी अपील करणाऱ्याचं नाव टाकून शोधलं. काही नाही. पुन्हा टाकलं, काही नाही. मी तर स्वतः लिहिलं होतं! घरी आले ती तणतणतच.

“बाई, तुम्ही तो निकाल पुसला का?”

“पुसला नाई. हाय ना.” तिनं पान काढून दिलं. वर लिहिलं होतं, ‘घरचे मोठे विरुद्ध शासन’.

मग ध्यानात आलं, अपील करणाऱ्याचं नाव आणि आमच्या मामाजींचं नाव एकच. आडनावसुद्धा! मी बिनधास्त लिहून मोकळी झाले होते. हिनं मात्र जिथे जिथे ते आलं तिथे तिथे बदललं होतं.

“सासऱ्याचं नाव कसं लिहू वं? लेकराले पाजता पाजता त्या नावावर बोट फिरवू?”

“मंग पेपरात काय लिहिता? घरचे मोठे?”

“तो प्रश्न सोडून देईन.”

“अन् वकील झाल्यावर? कोर्टात?”

ती लेकराचं टोपडं सारखं करत राहिली. मग हळूच म्हणाली, “त नाई होत वकील.”

माझा आवाज तसाही गल्लीभर जातो. ओट्यावर मामाजी बसलेले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला हाक मारली, फोन मागितला, चष्मा पुसला.

“मोठीले सांग,” ते आतल्या दाराकडे पाहत म्हणाले, “लिही म्हना. मी पाहून राह्यलो.”

दाराआड ती, ओट्यावर आम्ही. बराच वेळ नुसती रेघ लुकलुकत होती. मग ‘घरचे मोठे’ हळूहळू पुसलं गेलं आणि त्या जागी मामाजींच्या नावाचं पहिलं अक्षर आलं. मग दुसरं. ते ओठ हलवत वाचत होते. मध्येच रेघ थांबली.

“थांबली काऊन? आडनाव राह्यलं!”

आडनावही आलं. पुढे तो प्रश्न पेपरात आला, तिनं पूर्ण नाव लिहिलं, आम्ही दोघी पास झालो. पण ते नंतरचं. तेव्हा मामाजींनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि रेघेच्या डोक्यावर बोट ठेवलं.

“अन् हे कोनाचं नाव?”

“बाईंचंच. माहेरचं.”

लग्नपत्रिकेवर पाहिलेलं ते नाव इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानातून गेलं होतं, त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. लेकरू आत कुरकुरलं आणि गप्प झालं. मग मास्तरानं हजेरी घ्यावी तसं, मोठ्यानं, त्यांनी ते नाव उच्चारलं.

“हजर,” जाऊ म्हणाली.