तांड्यात एकही बकरी नाही

फुलसिंग राठोडाची रीता नेमकं काय शिकते, हे मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात कोणालाच धड सांगता यायचं नाही. एकाच डिग्रीत कॉम्प्युटरही आणि अर्थशास्त्रही! "म्हंजे ना इकडची ना तिकडची," असा तांड्याच्या मुखियाचा, नायक दौलतसिंगांचा निकाल. तरी तिच्या काकांना गप्प बसवलं ते याच नायकांनी. चार वर्षं शिकू द्या, पाचवं लागलं तर लग्न लावून मोकळे व्हा. नायकाचा शब्द म्हणजे शब्द. आता चौथं वर्ष संपत आलं होतं आणि प्रोजेक्ट तेवढा उरला होता.

प्रोजेक्ट काय, तर घरोघरी कोणाकडे काय आहे ते विचारायचं आणि ऊसतोडीला कोणतं घर जाईल ते कॉम्प्युटरकडून आधीच वदवून घ्यायचं. बाईसाहेब मोबाइलवर फॉर्म घेऊन निघाल्या आणि तिथंच माती खाल्ली. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवलं! ओळखपत्र दिसलं की तांड्याला योजना दिसते. घरकुल येणार, नाहीतर शेळीवाटप. मग काय विचारता! बेचाळीस घरं, जवळजवळ सगळी कंगाल. किसनसिंगच्या अंगणात मोटारसायकल उभी, तर म्हणे पाव्हण्याची. खुद्द नायकांनी बकऱ्या शून्य सांगितल्या, तेव्हा एक बोकड रीताची ओढणी चघळत होता.

"नायक, हा कोनाचा?"

"असाच येते. त्याले कोन आडवनार?"

कॉलेजातल्या सरांनी माहिती पाहून कपाळाला हात लावला. "तुमच्या हिशेबानं हा तांडा मागच्याच वर्षी उपाशी मेलाय. पंधरा दिवसांत खरी माहिती आणा, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

पुढच्या वर्षी! म्हणजे पाचवं वर्ष. काका तर तयारीतच बसले होते.

ती गेली हिरीबाईकडे. हिरीबाई म्हणजे तांड्यातल्या निम्म्या सोयरिकी जुळवणारी म्हातारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसली. "अवं पोरी, योजनावाल्याले कोनी खरं सांगते काय? अन् सोयरीकवाल्याले बी सांगत नाही, पन तिथं उलटं!"

दुसऱ्या दिवशी हिरीबाईनं आवई उठवली, पुसदकडचं बडं स्थळ पोरी पाहून राह्यलं. पान चघळत ती दारोदार बसली. अंगठाबहाद्दर बाई, पण बेचाळीस घरं तोंडपाठ. तीन दिवसांत तांडा मालामाल झाला. नायकांच्या बकऱ्या शून्याच्या साठ झाल्या. किसनसिंगच्या पाव्हण्याची मोटारसायकल त्याच्या नावावर आली, वर ट्रॅक्टरही "येऊनच राह्यला."

रीतानं दोन्ही थापा शेजारी शेजारी मांडल्या. हात पसरताना माणूस किती खाली येतो आणि पगडी बांधताना किती वर चढतो, ते अर्थशास्त्रानं सांगितलं. मधलं खरं कॉम्प्युटरनं शोधलं. नायकांच्या बकऱ्या सव्वीस निघाल्या. त्यांना विचारलं तर इकडं तिकडं पाहून म्हणाले, "कोनाले सांगू नोको."

एकाच घराचे आकडे दोन्ही खेपांना सारखे होते. बकऱ्या तीन. रीतानं हिरीबाईला गाठलं.

"आजी, आमच्या घरी काहून गेलीस? मी नाही म्हटलं होतं ना?"

"गेली तं गेली. तुही याडी मलेच झापून राह्यली ना! म्हने, स्थळाले सांग, पोरगी शिकून राह्यली. पाचवं वर्स लागलं तं लागो. नायकाले मी पाहीन."

याडी म्हणजे रीताची आई, रुपाबाई. कधी नायकासमोर पदर डोक्यावरून खाली आला नाही, आणि म्हणे नायकाले मी पाहीन! रीताला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं.

शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते. ते कागदावर अडले. "सगळ्यांच्या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि हे सतरा नंबरचं घर दोन्हीकडे सारखंच? चूक आहे ही. काढून टाका."

"नाही काढत, सर."

"का?"

"ती माझी आई आहे."

सरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.