मुठीचं लाकूड

सुनेच्या स्टिकची मूठ वाकली, आणि ती वाकणार हे मला आधीपासून माहीत होतं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढे स्वतःची बाजू सावरायचा मोह होणार नाही. तसा तो होतोच म्हणा.

सून अंबरनाथच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला आहे. तिथल्या क्लबात पूलचं, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाचं, टेबल आहे, हिरव्या कापडाचं. जेवणाच्या सुट्टीत बायका मोबाइल बघत बसायच्या, ही काठी घेऊन चेंडू ढकलायला लागली. वर्षभरात तिने क्लबातले निम्मे पुरुष हरवले. मग कंपन्यांच्या आपसातल्या स्पर्धेसाठी तिचं नाव निघालं. संघात बाई ही एकटीच. दिवाळीनंतर सामने होते. नीट खेळली तर पुढच्या वर्षीही तिची जागा पक्की, नाहीतर टपून बसलेले चारजण होतेच.

भिंतीवरच्या सामायिक काठ्यांना ती कंटाळली होती. कुणाचा तेलकट हात, कुणाचा घामट. तिला स्वतःच्या मापाची हवी होती. पुढचा निमुळता भाग तयार मिळतो, परदेशी लाकडाचा. मागचा जाड भाग, हातात धरायचा, तो आपल्या पसंतीने करून घेता येतो. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एकजण करून देतो असं तिला कळलं.

"आई, तुम्ही चला ना बरोबर," ती म्हणाली. "तुमच्या बाबांची वखार होती. लाकूड तुम्हाला कळणार, मला काय, सगळं सारखंच दिसतं."

तर ती वखार. आमच्या घरात ती वखार चाळीस वर्षं उभी आहे आणि तिच्यात एक फळकूटसुद्धा कधी नव्हतं. माझे वडील कातारी होते. बदलापूर गावात घराच्या पडवीत त्यांची लेथ होती, त्याआधी पायाने फिरवायची कात. लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खांब, पांगुळगाडे, हे त्यांचं काम. मला स्थळ आलं ते अंबरनाथच्या कारखान्यातल्या ऑफिसरचं, क्वार्टर्समध्ये राहणारं. बोलणी चालू असताना कुणीतरी म्हणालं, लाकडाचा धंदा आहे. सासरच्या बायकांनी पुढे त्याची वखार केली. मी ती मोडली नाही. माझा मुलगाही तेच ऐकत मोठा झाला. आता आम्ही बदलापुरात फ्लॅटमध्ये राहतो, माहेर रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि मी मुलाला ती पडवी कधी दाखवली नाही.

असो. गणपती नुकतेच गेले होते. आम्ही शेअर रिक्षाने कॅम्पात गेलो. जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत, दोन कारखान्यांच्या मध्ये, त्या माणसाचं दुकान. साठीचा सिंधी, भुवयांवर भुसा. मूळ काम सोफ्याचे आणि पलंगाचे पाय कातायचं. पूलवाले तुटक्या स्टिक दुरुस्तीला आणायचे, त्यातून हा नव्या करायला शिकला. आत पाय टाकला आणि ताज्या कातकामाचा वास आला. मी पदराने नाक पुसलं, भुशाचं निमित्त.

"हाथ में क्या लगाना है मॅडम? लेदर लगाओ. सब बडे खिलाडी लेदर लगाते है."

"माझ्या हाताला घाम येतो," सून म्हणाली.

"फिर रबर."

"रबराने तळहात भाजतो. क्लबात एक तशी आहे."

"तो धागा. सुती धागा पसीना पी जाता है. लेकिन दिखने में सादा."

"मला घाम प्यायलाच हवाय, दिसायला नको."

तो हसला. "चार उंगल धागा, बाकी लकडी दिखेगी. लकडी सोच के लो." आणि त्याने फळीवर चार तुकडे मांडले. साग, खैर, शिसम आणि चौथा एक, काळ्या-मधाळ पट्ट्यांचा, वाघाच्या कातडीसारखा. तो पाहून सून खुळावलीच. "आई, हे बघा तरी."

मी हातात घेतला. हाताने आपलं काम केलं, मला विचारलं नाही. मी तुकडा बोटांवर गोल फिरवला, पेराने ठोकला आणि गालाला लावला. आवाज आला मठ्ठ, भिजल्या मडक्यासारखा. गालाला गारवा लागला. मुरलेलं लाकूड गालाला असं गार लागत नाही. आणि ती मधाळ पट्टी म्हणजे गाभ्याबाहेरचं कोवळं, गाभा एका चालीने सुकतो आणि ते दुसऱ्या. अख्खा पावसाळा प्यायलेलं लाकूड होतं ते. हिवाळ्याची कोरडी हवा लागली की ओढ घेऊन वाकणार. हे सगळं मला एका श्वासात कळलं. वडील म्हणायचे, लाकडाला डोळ्याने पसंत करू नये, सोयरिकीला आलेल्या मुलीसारखं ते नटून बसतं.

तेवढ्यात दुकानदार माझ्याकडे बघत म्हणाला, "माताजी, आपके घर में कोई खराद का काम करता था? गाल पे तो हमारे लोग लगाते है."

सून हसून म्हणाली, "नाही हो, यांच्या बाबांची वखार होती. मोठी."

"वखारवाला लकडी गाल पे नही लगाता. वो तो टेप लगाता है."

खराद म्हणजे आमचं कातकामच. त्याने गमतीनेच म्हटलं. माझ्या मात्र कानापर्यंत गरम झालं. मी तुकडा फळीवर ठेवला, जणू चोरीचा होता. म्हणाले, "छे, मला काय कळतंय. गार वाटलं म्हणून लावला."

"पण आई, कसं आहे हे? घेऊ ना?"

तिने सरळ विचारलं होतं. कच्चं आहे, शिसम घे, इतके चारच शब्द होते. पण ते बोलले तर पुढचा प्रश्न येणार, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, "तुला आवडलंय ना? मग झालं."

परतताना रिक्षात ती हाताने हवेतच स्टिक धरून बघत होती. मी बाहेर बघत होते.

स्टिक झाली सुरेख. शेजारणींना दाखवून झाली. दिवाळीपर्यंत ती बरी खेळली. मग थंडी सुरू झाली. स्पर्धेच्या दिवशी तिने काठी टेबलावर लोळवून पाहिली, तर मूठ लंगड्या बैलासारखी उडत होती. जोडाजवळ केसाएवढी चीर. बरोबरचा एकजण म्हणाला, "मॅडम, स्टिक वाकडी आहे की नशीब?" सगळे हसले. तिने भिंतीवरची काठी घेतली, पहिला डाव कसाबसा काढला आणि दुसऱ्यात हरली. क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. हे 'बघू' आपल्याला माहीत असतं.

घरी येऊन तिने स्टिक कपाटामागे टाकली. मी मेथी निवडत होते. ती समोर बसून मेथी निवडायला लागली आणि म्हणाली, "माझीच चूक आई. रंगाला भुलले. तो माणूस सांगत होता सोच के लो."

मी मेथीची ती जुडी संपवली आणि कणीक भिजवायला उठले. तिसऱ्या दिवशी सुनेला सुट्टी होती; मुलगा कामावर गेल्यावर तिला हाक मारली आणि सगळं सांगितलं. गाल, गारवा, पडवी, लेथ. आणि एकदा सुरू झाल्यावर तेही सांगितलं, जे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

मुलगा वर्षाचा झाला तेव्हा वडील क्वार्टर्सवर पांगुळगाडा घेऊन आले होते. डोक्यावर धरून, स्टेशनपासून चालत. दारात शेजारच्या ऑफिसरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, गावाकडचे आहेत, लाकडाचं काम करतात. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या बाईंनाच म्हणाले, "काही करून पाहिजे असेल तर सांगा बाई." त्यांनी खरंच लाटणं सांगितलं. आठवड्याने वडील लाटणं द्यायला आले, ते त्यांच्या दारात. मी खिडकीतून बघत होते. माझं दार शेजारीच होतं. त्यांनी लाटणं दिलं, पाणीसुद्धा न घेता पायऱ्या उतरले. माझी बेल वाजवली नाही. माझं खोटं उघडं पडू द्यायचं नव्हतं त्यांना. पुढे त्या बाई कितीदा म्हणाल्या, तुमच्या त्या गाववाल्याचं लाटणं काय गुळगुळीत आहे हो.

सुनेने कपाटामागची स्टिक काढून चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आई, मला स्टिकचं वाईट नाही वाटत." थांबली. "नाही, स्टिकचंही वाटतंय. मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो गं."

"मी तुमच्या भरवशावर घेतली."

"हो."

तिने रडारड केली नाही, मला जवळही घेतलं नाही. चार-पाच दिवस कामापुरतं बोलली. मला ते बरंच वाटलं. लगेच माफ केलं असतं तर मी त्यातही सोय बघितली असती.

मग एका रविवारी तीच म्हणाली, "चला. दुसरी मूठ करून घेऊ. या वेळी तुम्ही निवडायची."

दुकानदाराने वाकलेली मूठ पाहिली आणि स्वतःच ओशाळला. "नया माल था माताजी. पलंग के पैर में चल जाता, इसमें नही चला. मेरी गलती." मी म्हटलं, तुमची नाही. मग त्याने मागून एका मोडक्या पलंगाचा शिसवी पाय आणला. काळपट, जुना, दिसायला काहीच नाही. मी तो फिरवला, ठोकला. आवाज खणखणीत. त्याच्यासमोर, सुनेसमोर, गिऱ्हाईक म्हणून आलेल्या दोघा माणसांसमोर गालाला लावला. म्हटलं, "हाच घ्या. बरोबर मधला गाभा काढा, बाहेरचं बोटभर सोडा. माझे वडील कातारी होते. खरादवाले."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. नुसतं विचारलं, "तो उस दिन क्यूं नही बोला माताजी? मै भी तो खरादवालाही हूं."

ज्याच्या दुकानात बसून मी ते काम लपवलं, ते काम तो माझ्या डोळ्यांसमोर करत होता. वडिलांना मी एकदा नाकारलं असं इतकी वर्षं धरून होते. त्या दिवशी ते दुसऱ्यांदा झालं होतं, आणि या वेळी वडिलांबरोबर या माणसालाही नाकारलं होतं. मी हात जोडले. तो म्हणाला, "अरे अरे," आणि लेथ चालू केली. आवाजात पुढचं बोलणं बुडावं म्हणून केली असावी.

नवी मूठ सरळ आहे. मार्चमध्ये लोळवून पाहिली, मे महिन्यातही पाहिली. सुनेचं नाव यंदा संघात नाही. ती रोज सुट्टीत सराव करते.

मुलाला अजून सांगितलेलं नाही. सून म्हणाली, "ते मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही." तोंडाने दोनदा सुरुवात केली आणि दोन्हीदा भाजीवर बोलले. मला लिहिता येतं ते असं वहीत, पेनाने. माझं लिहिलेलं कॉम्प्युटरवर टाइप करून देतो तो मुलगाच. ही पानं उद्या सकाळी त्याच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि तो वाचत असेल तेव्हा मी घरातच थांबणार आहे.