आवाज बसलेला पाळक

हिंगणघाटला गिरणीचा सकाळचा भोंगा लांब ऐकू जातो की रूपराव पाळकांची सकाळची प्रार्थना, यावर चाळीतली माणसं थट्टेनं वाद घालत. रूपरावांना त्याचा राग येत नसे. आवाज ही देवाची देणगी, ती वापरायलाच दिली आहे, असं ते म्हणत आणि रविवारी आणखी थोडं जास्त बोलत.

वेणा नदीच्या बाजूला त्यांचं पत्र्याचं ख्रिस्ती देऊळ होतं. गिरणीतले कामगार, एक कंपाउंडर, दोन मास्तर अशी छोटी मंडळी. उपदेश रूपराव करत, पेटी रूपराव वाजवत, गीत सुरू करणारेही तेच. भिंतींना चुना लावायचा तरी दुसऱ्याचा हात त्यांना पसंत पडत नसे. दर गुरुवारी सायकलवर ते अल्लीपूरला जात. तिथं पाचसहा ख्रिस्ती घरं होती आणि धुरपता नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगणात उपासना भरे.

त्याच अंगणात शुक्रवारी वासुदेवराव येत. हे गिरणीत फिटर होते. पूर्वी रूपरावांच्याच मंडळीतले, पण वेगळे झाले आणि घरच्या ओसरीत आपली मंडळी चालवू लागले. रूपराव तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा देत, वासुदेवराव मोठ्या माणसांना नदीत बुडवून देत. "बाप्तिस्म्यावरून फुटले ते," रूपराव सगळ्यांना सांगत. अल्लीपूरच्या माणसांना गुरुवारी एक शिकवण मिळे आणि शुक्रवारी तिच्या उलट.

शहात्तर साली गुड फ्रायडेच्या लांब उपासनेत रूपराव एकटेच बोलले आणि ईस्टरच्या पहाटे त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. वर्ध्याच्या डॉक्टरांनी घसा तपासला. आत गाठ होती. "तीन महिने बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"अन् प्रार्थना?" रूपरावांच्या बायकोनं, मंदाबाईंनी विचारलं.

"मनात करू द्या. देवाला ऐकू येईल की!" डॉक्टर हसले. रूपरावांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे सकाळच्या प्रार्थनेला नदीकाठी जाऊन बसले. मनात वाक्यं येऊ लागली. सुरेख, गोळीबंद वाक्यं. थोड्या वेळानं त्यांच्या ध्यानात आलं की ती सगळी रविवारची आहेत, लोकांसाठीची. ती बाजूला सारली तर मागं काहीच उरेना. इतकी वर्षं आपण इथं बसून काय करत होतो, या विचारानं ते घाबरले आणि लवकरच घरी परतले.

पहिल्या रविवारी एका मास्तरांनी जुना छापील उपदेश वाचला. लोक पेंगले. सोमवारी मंदाबाई म्हणाल्या, "वासुदेवरावले बोलवा."

रूपरावांनी जोरानं मान हलवली.

"मान हलवता येते, हे बरं हाय. उठा, मी येतो संगं."

वासुदेवराव दुपारपाळीच्या तयारीत होते. त्यांच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनी चटई टाकली. मंदाबाईंनी विनंती सांगितली. वासुदेवराव एकदम बोलू लागले.

"पाळकसाहेब, तुमाले वाटते मी बाप्तिस्म्यापायी गेलो? ते तं मागून झालं. माह्या बाप मेला तवा तुमी आलते. आठवते?"

रूपरावांनी मान डोलावली.

"बाप माह्यावर रागावून गेला होता. मरताना तोंड फिरवलं त्यानं. मले ते कोनाले तरी सांगाचं होतं. तुमी बसलेच नाई. उभ्याउभ्या प्रार्थना केली. चांगली केली, सारी चाळ रडली. अन् सायकलवर टांग मारून गेले. मी महिनाभर वाट पाह्यली, पाळक इचारतीन म्हणून."

रूपरावांना ती प्रार्थना आठवत होती. घरी जाताना ती किती छान झाली याचा आनंदही आठवत होता. त्यांनी उत्तर लिहायला सोबत आणलेली पाटी ओढली. मंदाबाईंनी तिच्यावर तळहात ठेवला.

"लिहू नका," त्या हळूच म्हणाल्या. "ऐका."

रूपराव चटईवर पुढं सरकले. सांग, अशी त्यांनी हातानं खूण केली. मग वासुदेवरावांनी बापाचं सगळं सांगितलं. भांडण कशावरून झालं, कोण काय बोललं, समजूत घालायची कशी राहून गेली. पाळीचा भोंगा वाजला तरी ते उठले नाहीत. रूपरावांचे डोळे भरून आले होते आणि बोलून ते लपवायची सोय नव्हती.

निघताना वासुदेवराव म्हणाले, "रविवारी तुमच्या देवळात मी नाई येत. माह्ये लोक नाव ठेवतीन. पन शुक्रवारी अल्लीपूरले चाललो. कॅरियरवर बसता काय?"

रूपराव कॅरियरवर बसले. दोघांना एका सायकलवरून उतरताना पाहून धुरपतानं कपाळाला हात लावला. "अगं माय! रूपराव, बोलनं बंद हाय म्हनते तुमचं? मंग आज तुमीबी बोलू नका, वासुदेवराव. इतके वर्स तुमी दोघं सांगून राह्यले. आमी बाया शनिवारी काय करतो, इचारलं कोनी?"

कोणी विचारलं नव्हतं. बायका गोल बसत. ज्या घरी दुखलंखुपलं असेल तिथल्या माणसाचं एकजण नाव घेई, मग सगळ्या त्याच्यासाठी गप्प बसत. मग दुसरं नाव. त्या दिवशी दोन्ही पाळकांनी तेच केलं. शेजारच्या नत्थूजींचा बैल आजारी होता, त्याचंही नाव निघालं.

तेव्हापासून नदीकाठी रूपराव एकेका घराचं नाव मनात घेऊ लागले. बऱ्याच घरांतल्या लेकरांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत, हे त्यांना तिथं कळलं. मग ते घरोघर जाऊन बसू लागले. पाळक बोलत नाही म्हटल्यावर माणसंच बोलू लागली. रात्रपाळी सुटल्यावर कधीकधी वासुदेवरावही काठावर येऊन शेजारी बसत.

रविवारी येत नाही म्हणणारे वासुदेवराव दुसऱ्या महिन्यात आपणहून देवळात आले आणि थोडक्यात, गिरणीतल्या साध्या भाषेत बोलले. मंडळीचे खजिनदार बापूजी मात्र भडकले. "बुडवनाऱ्याले आपल्या देवळात उभं करता?" ते दोन घरं घेऊन वर्ध्याच्या मंडळीत गेले. रूपराव त्यांच्याकडे जाऊन बसले, पुन्हा गेले. बापूजी परत आले नाहीत, आणि ते दुःख रूपरावांना शेवटपर्यंत राहिलं.

आवाज परत आला, पण घोगरा. दोन्ही मंडळ्या एक झाल्या नाहीत. बाप्तिस्म्यावर दोघे म्हातारपणापर्यंत भांडले. अल्लीपूरला मात्र एकाच दिवशी जात. एकजण बोले, दुसरा मागं बसून माणसं पाही आणि परतीच्या वाटेवर सांगे, "ते कोपऱ्यातली बाई रडून राह्यली होती, तुमी पाह्यलं नाई." ब्याऐंशी साली नाताळच्या मिरवणुकीवरून त्यांचं असं बिनसलं की महिनाभर नदीवर कोणी कोणाकडे पाहिलं नाही. तेवढे दिवस मंदाबाई आणि प्रमिलाबाई बसनं अल्लीपूरला जाऊन आल्या. नवऱ्यांना त्यांनी विचारलंही नाही.

चौऱ्याऐंशीत धुरपता गेली. कबरीचा खड्डा शेजारच्या नत्थूजींनी आणि त्यांच्या पोरांनी खणला होता. शवपेटी खाली ठेवली गेली आणि सगळे थांबले. रूपरावांनी वासुदेवरावांना खूण केली, तुम्ही सुरू करा. वासुदेवरावांनी हात जोडले, तुम्ही मोठे, तुम्ही करा. तिच्याच अंगणात पूर्वी एकमेकांच्या उलट शिकवणारे हे दोघे एकमेकांना पुढं ढकलत उभे राहिले. ऊन चढत होतं.

शेवटी मंदाबाईंनीच गीत सुरू केलं. ते संपल्यावर कोणी उपदेश केला नाही. दोघे पाळक खाली वाकले, ओंजळीनं काळी माती पेटीवर टाकली, आणि मग नत्थूजींच्या हातून फावडं घेऊन आळीपाळीनं खड्डा भरू लागले.