तायडेबाईंची जर्मन वारस नोंद

अर्ज घेऊन आलेल्या माणसाला तायडेबाई आधी बसायला सांगायच्या, मग विचारायच्या, "मायचं नाव काय?" बापाचं नंतर. अकोल्याच्या तहसिलीत त्यांनी अख्खी नोकरी वारस नोंदी तपासण्यात घालवली, पण आईचा रकाना रिकामा असलेला एक कागद पुढे जाऊ दिला नाही. मी त्यांच्या हाताखाली नवी लागले तेव्हा असाच एक कागद मुकाट्याने सरकवला होता. "काहून गं, हा आभायातून पडला काय?" सगळ्या कचेरीसमोर! असा राग आला होता म्हणून सांगू.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे दोन महिने जर्मनीला गेल्या. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये त्यांना थडग्याचा लहानसा दगड दिसला. त्यावर हातात पक्षी धरलेली चार-पाच वर्षांची पोर कोरलेली. आडेलहाइड, सातशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराची लेक. मुलाने इंटरनेटवर तिची वंशावळ काढून दाखवली. वडील, आजोबा, पणजोबा सगळे हजर. आई: अज्ञात. झालं! बाई परत आल्या त्या हे खूळ डोक्यात घेऊनच.

भर मे महिन्यात कूलरसमोर बसून त्या मोबाइलवर जर्मन कागदांचं भाषांतर करत. मी म्हणायची, "बाई, तुमचं काय अडलंय त्या पोरीवाचून?"

"सातशे वर्सं झाले, मायबिगर पडून हाय लेकरू. बरं दिसते काय?"

धागा सापडला तो आमच्याच कामातला. मुलीच्या नावाने बापाने एक द्राक्षमळा मठाला दान दिला होता, आणि त्यावर दुसऱ्याच घराण्यातल्या एकाने हरकत घेतली होती. तिथल्या अभ्यासकांनी त्याला भांडखोर शेजारी समजून सोडून दिलं होतं. बाईंनी मला तातडीने घरी बोलावलं. "शेजारी धुऱ्या-बांधासाठी भांडते, अख्ख्या मळ्यासाठी नाही. हा मामा हाय. मळा मायचा होता, माहेरून आलेला. जमिनीच्या मांगं चाल पोरी, मानूस सापडते." मग त्या हरकतदाराच्या घराण्याचे कागद धुंडाळले, तर एका जुन्या पत्रात निघाली ना त्याची बहीण मेख्टिल्ड, याच सरदाराच्या गावी दिलेली!

इंटरनेटवरची ती वंशावळ सांभाळणाऱ्या जर्मन गृहस्थांनी हे नाव घालायला पहिल्यांदा नकार दिला, दुसऱ्यांदाही दिला. बाई हटल्या नाहीत. हरकतीचा निकाल, मळ्याच्या चतुःसीमा, सगळं मुद्देसूद लिहून तिसऱ्यांदा पाठवलं. महिन्याभराने पान बदललं. आई: मेख्टिल्ड. खाली टीप, शोध: तायडे, अकोला. आमच्या बाई! मी कचेरीभर पेढे वाटले, आणि कशाचे म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला ते पान उघडून दाखवलं.

बाई मात्र पेढा हातात धरून रडल्या. "माह्या सोताच्या आजीचं नाव मले मालूम नाही. बाबा लहान होते तवाच गेली. घरात कोनालेच ठाऊक नाही." त्यांनी आपल्या घराची वंशावळ पुढे केली. आजोबांच्या शेजारी पट्टीने आखलेला एक रिकामा चौकोन होता. "नाव नाही म्हून जागा खोडाची नसते," त्या म्हणाल्या.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. तो कागद मुलाने माझ्याकडे दिला. परवा रजा टाकून मी पातूरच्या तहसिलीत गेले आणि बाईंचं नाव सांगून त्यांच्या गावची जन्ममृत्यूच्या नोंदींची जुनी कोतवाल बुकं काढायला लावली. तिसरं बुक मागितल्यावर कारकून वैतागला. "म्याडम, तुमी तायडेबाईंच्या कोन लागता?"

"वारस," मी म्हटलं. "काढा पुढचं."