न्यायाधीशाचे अंगठे

परवा इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या ग्रंथालयात समोरचा माणूस नव्या धर्तीच्या, निव्वळ काचेच्या फोनवर बोट फिरवत बसला होता. गुळगुळीत, निःशब्द. आणि मला मात्र ऐकू आली ती जुन्या फोनची बारीक टिकटिक. डाळिंबाच्या दाण्यांसारख्या दाटीनं बसलेल्या त्या कळा, आणि त्यांच्यावरून धावणारे दोन अंगठे. ती यंत्रं मला कधीच आवडली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. कंपनी कौतुकानं हातात ठेवते ती भेट नसते, दावं असतं, हे मी विद्यापीठाच्या फाटकाशी पत्रकं वाटताना घसा फोडून सांगितलंय, आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. तरी त्या टिकटिकीनं जाग आली ती एका सुखाच्या आठवणीला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाच्या तालमी एका बेसमेंटमध्ये चालायच्या, कपडे वाळवायच्या यंत्राच्या उबेत, भाजणीच्या वासात. न्यायाधीशाचं काम एका नागपूरच्या दादाकडे होतं. कॉलेजात रंगमंच गाजवलेला माणूस. इकडे आल्यापासून तोंडाला रंग लागला नव्हता. वाक्यं पाठ करताना त्याचा चेहरा असा उजळायचा, की त्याची बायको, आमच्या वहिनी, चहा गाळायचं विसरून बघत राहायच्या. आणि नेमकी प्रयोगाच्याच आठवड्यात त्याची ऑन-कॉलची पाळी आली. सर्व्हर पडला की जिथे असशील तिथून लगेच उत्तर द्यायचं.

“सरळ नाही म्हण ना, दादा!” मी उसळले.

“तू म्हणून बघ,” वहिनी म्हणाल्या. “नोकरी गेली की व्हिसा गेला. मग बॅगा भरायला ये मदतीला.”

प्रयोगाला मी विंगेत प्रॉम्प्टर होते. दुसऱ्या अंकात वकिलाचं भाषण संपलं आणि न्यायाधीशाचा काळा झगा थरथरला. कंपनीचा फोन, ते यंत्र, आत होतं. मी वाक्य पुरवलं. एकदा, दोनदा. दादानं समोरचे कागद वाचावेत तशी नजर खाली टाकली, मग मान वर करून आरोपीवर डोळे रोखले. टेबलाखाली त्याचे अंगठे चालू झाले होते. कळांचे उंचवटे त्यांना पाठ होते, डोळ्यांची गरजच नव्हती. कोणता प्रोग्रॅम बंद करून कोणता सुरू करायचा, हे तो ऑफिसातल्या सहकाऱ्याला लिहीत होता आणि डोळ्यांनी आरोपीला सोलत होता. सभागृह चिडीचूप. मला वाटलं, संपलं. एक तर नाटक जाणार, नाही तर नोकरी. मग अंगठे थांबले, आणि तो शांतपणे म्हणाला, “पुढे बोला.”

प्रयोगानंतर एका काकूंनी त्याचा हात सोडला नाही. “काय तो पॉज रे! अंगावर काटा आला.”

“काकू, सर्व्हर पडला होता.”

“पडू दे मेला!”

माझा मात्र संताप अनावर झाला होता. ऐन प्रयोगातसुद्धा माणसाला सोडत नाहीत! मी यावर पत्रक काढणारच, म्हणाले. अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्यानं तो हसला. “काढ. पण आज नको यार. आज मी फार खूश आहे.” मी रंग पुसायचा कापूस त्याच्या हातात दिला.

गेल्या दिवाळीत त्यानं महिनाभर आधीच साहेबाला गाठून पाळी बदलून घेतली. पाळी बदलून मिळेल का, हे इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. यंत्र घरी ठेवून तो नव्या नाटकात वकील झाला आणि सपशेल पडला. श्वास न घेता बोलला, हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. “गेल्या वर्षीची सर नाही हं,” काकूंनी तोंडावर सांगितलं, आणि तो बटाटेवडा खात मनापासून हसला. काळ काय काय नेतो आणि काय हाती ठेवतो, याचा हिशोब मला जमत नाही. ती पडेल प्रयोगाची संध्याकाळ मात्र पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत अख्खी त्याची होती. प्रॉम्प्टरनं विंगेतून टाळ्या वाजवायच्या नसतात. मी वाजवल्या.