दवाखान्याच्या गाडीचं तेलाचं व्यसन

कचेरीत कागद साठतात, अडतीवर पोती साठतात. आमच्याकडं किस्से साठले. साठणारच! चार माणसं एकाच मोटारीत काम करायची, त्याच मोटारीत स्वयंपाक करायची, आणि वर तीच मोटार अधूनमधून ढकलायची. मोटार ढकलताना माणूस जितकं मनातलं बोलतो, तितकं सख्ख्या भावाजवळसुद्धा बोलत नाही.

निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. उमरग्यात एका ट्रस्टचा फिरता दवाखाना होता, त्यात मी कंपाउंडर. गाडी जुनी, डिझेलवरची. आत औषधांचं कपाट, एक स्टोव्ह आणि दोन फळ्या. दिवसा त्या फळ्यांवर पेशंट, रात्री आम्ही. डॉक्टर चिंचोलीकर लातूरकडचे, तरुण, फार हुशार. सुशीलाबाई नर्स, त्यांना आम्ही सगळे भ्यायचो. आणि गफूरचाचा ड्रायव्हर, ते फक्त गाडीला भ्यायचे.

या गाडीला एकच व्यसन होतं. तेल! डिझेल नव्हे, इंजिनातलं तेल. प्यायची आणि मागून निळा धूर सोडायची.

*

डॉक्टरांनी पहिल्यांदा रीतसर तपासणी केली. बॉनेट उघडून चालत्या इंजिनाला स्टेथॉस्कोप लावला. आम्ही गंभीर चेहऱ्यानं उभे.

"गफूरमियाँ, तक्रार कधीपासून आहे?"

"साहेब, म्या आलो तवापासून."

"खाणंपिणं?"

"डिझेल बेताचं. तेल लई."

"आणि लघवी?"

गफूरचाचा क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं, साहेब तेल खाली गळतं का विचारताहेत. त्यांनी सुशीलाबाईंकडं बघून मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "एक थेंब न्हाय, साहेब!"

डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी दवाखान्यातली पांढरी चादर गाडीखाली अंथरायला लावली. सकाळी बघतो तर चादरीवर तेलाचा एक डाग नाही. डॉक्टर खूश झाले. "म्हणजे गळती नाही. तेल आतच जळतंय."

सुशीलाबाईंनी चादर उचलली. तिच्यावर गावातली दोन कुत्री रात्रभर झोपून गेली होती.

"कळलं ना कुठं जळतंय?" त्या म्हणाल्या. "आता ही चादर तुम्ही धुवा."

डॉक्टरांनी धुतली!

*

कळंबला आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही गेलो, तेव्हा गावोगाव डासांसाठी फवारणी चालली होती. आमची गाडी धूर सोडत शिरली, तसा एक जाडजूड शेतकरी आडवा आला.

"ओ डाक्टर, समद्या पेठंला औषिद मारताव, आमच्या गोठ्याला का न्हाय?"

डॉक्टरांनी समजावलं की बाबा, हा मोटारीचा धूर आहे, औषध नव्हे. गडी ऐकेना. "वळखीच्या माणसाला बराबर मिळतंय!" म्हणाला. चार माणसं जमली, आवाज चढले. शेवटी गफूरचाचांनी गाडी त्याच्या गोठ्याभोवती एकदा फिरवून आणली.

पुढच्या खेपेला तो माणूस दुधाचा तांब्या घेऊन हजर. "एक बी मच्छर न्हाय राह्यला!"

डॉक्टर दूध प्यायले. शास्त्राबद्दल त्या दिवशी काही बोलले नाहीत.

*

उमरग्यात हमरस्त्यावर विरुपाक्षप्पा मिस्त्रीचं गॅरेज होतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक त्याच्याकडं थांबायचे. कुठलीही गाडी येवो, लांबूनच तिचा आवाज ऐकून विरुपाक्षप्पा सांगायचा, "रिंग गेल्या!" ट्रक असो, पाणी उपसायचं इंजिन असो, रिंग गेल्या. एकदा शेजारच्या हॉटेलवाल्याचा ग्रामोफोन घरघरायला लागला, तेव्हाही तो म्हणाला, "रिंग बघून घ्या की हो!"

पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिन तेल जाळतं, त्यामुळं आमच्या गाडीचं निदान अर्थातच ठरलेलं होतं. त्यानं इंजिन उतरवलं. आमचा दवाखाना गॅरेजच्या छपराखाली आला. ट्रकवाले येऊन डॉक्टरांना स्पार्क प्लग मागायचे आणि पेशंट येऊन विरुपाक्षप्पाला पोट दाखवायचे.

एकदाची गाडी जोडून झाली. नव्या रिंगा! विरुपाक्षप्पानं नारळ फोडला, गफूरचाचांनी स्टार्टर मारला, आणि एवढा धूर निघाला की समोरची शाळा दिसेनाशी झाली.

डॉक्टर खोकत म्हणाले, "अप्पा, हे काय?"

"अय्यो, बघा की साहेब!" विरुपाक्षप्पाच्या डोळ्यांत कौतुक होतं. "जुन्या रिंगांचा धूर कसा पातळ होता! नव्या मालात फरक दिसतो की नाही?"

*

मग डॉक्टरांनी पुस्तक मागवलं. त्यात लिहिलं होतं, चढावर धूर आला तर रिंगांचा दोष, उतारावर आला तर व्हाल्व्हचा. ते मागच्या पायरीवर दांडी धरून उभे राहिले आणि जळकोटपर्यंत तसेच आले. गाडी चढाला धूर सोडत होती, उताराला सोडत होती, सपाटीला तर फारच.

जळकोटला एक बाई पोराला कडेवर घेऊन थांबली होती. डॉक्टरांनी हात पुढं केला, तशी ती दोन पावलं मागं सरली. त्यांच्या अंगावर पांढरं म्हणून फक्त दात उरले होते.

"डाक्टर कुठायत?"

"मीच डॉक्टर."

"व्हय तर! आन् म्या कलेक्टरीण!"

*

पण खरा प्रकार त्याच दुपारी झाला. गफूरचाचांनी इंजिन बंद केलं आणि ते बंद होईना! दांडा ओढला, डिझेलचा नळ बंद केला, तरी गाडी आपली जास्तच जोरात किंचाळायला लागली. सगळी गाडी थडथडत होती. आत एक म्हातारबाबा दात काढायला बसले होते. ते तोंड उघडं ठेवूनच खाली उतरले आणि शेतातनं पळत सुटले.

गफूरचाचांचा चेहरा उतरला. "साहेब, लांब व्हा! इंजन फुटतंय आता!"

सुशीलाबाई तेवढ्या पुढं गेल्या. त्यांनी फळीवरची घोंगडी उचलली, इंजिन जिथनं हवा ओढतं त्या भांड्याच्या तोंडात कोंबली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. इंजिन गुदमरलं, आचके दिले आणि थांबलं.

 सगळं शांत झाल्यावर डॉक्टरांनी बाईंना खाली बसवून पाणी दिलं. मग घोंगडी ओढून काढली, तर तिच्यातनं तेल निथळत होतं!

त्या भांड्यात हवेतली धूळ धरायला तळाशी थोडं तेल ठेवायचं असतं. आमचं भांडं काठोकाठ भरलं होतं. इंजिन हवेबरोबर तेच तेल ओढत होतं, आणि डिझेल तोडल्यावरही त्याच तेलावर पळत होतं.

"म्या दर जुम्म्याला घालतो की!" गफूरचाचा म्हणाले. "कमी पडू नये म्हणून."

डॉक्टरांनी हातातली घोंगडी पिळली. मग हळूच म्हणाले, "पुस्तकात वाचल्यापासून मीही दर सोमवारी घालतोय."

सुशीलाबाईंनी दोघांकडं बघितलं. "आईनं पाजायचं, आजीनं पाजायचं. मग लेकरू ओकंल नाही तर काय करंल?"

दातवाले म्हातारबाबा संध्याकाळी भेटले. पळाल्यापासून दात दुखायचा थांबला होता म्हणे.

*

दवाखाना त्यानंतरही कैक वर्षं चालला. पण तो वाचला कसा, ते ऐका.

ट्रस्टचे अध्यक्ष सोलापूरला असत. ही धुराची गाडी विकून दवाखाना बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं. जादा तेल काढल्यावर गाडी सुधारल्याची खबर गेली, तेव्हा ते स्वतः बघायला जळकोटला आले. पांढरं धोतर, काळा कोट. गाडी आली. धुराची एक रेघ नाही! डॉक्टरांची छाती फुगली. अध्यक्ष लिंबाखाली डॉक्टरांच्या खुर्चीवर बसले.

तास गेला, दुसरा गेला. पेशंट एकही नाही!

"गाडी झकास आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण इथं कुणी आजारीच नाही. मग दवाखाना कशाला?"

डॉक्टर रस्त्याकडं बघायला लागले. तेवढ्यात बैल घेऊन चाललेला एक गडी थबकला. "आरं, तुमी आलाव व्हय? येरवी शेतातनं धूर दिसला की आमी निघतो. आज दिसला न्हाय, म्हटलं गाडी न्हाय."

गफूरचाचा उठले. गाडीमागं गेले, जुन्या टायरचा तुकडा काढला आणि पेटवून दिला.

थोड्याच वेळात बांधाबांधावरनं माणसं यायला लागली. लंगडत, कण्हत, पोरं कडेवर घेऊन. लिंबापासून रस्त्यापर्यंत लाइन लागली. पहिल्या नंबरला एक म्हातारी होती. ती अध्यक्षांच्या पुढ्यात बसली, त्यांच्या कोटाकडं निरखून बघितलं.

"येरवी निळा असतोय, आज धूर काळा," ती म्हणाली. "म्हटलं, मोठा डाक्टर आला जणू!"

आणि तिनं मनगट पुढं केलं.

अध्यक्षांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते. अध्यक्षांनी लाइनीकडं बघितलं. मग घसा खाकरून त्यांनी म्हातारीची नाडी धरली.

"जीभ दाखवा, आजी."