काट्यावरचा डबा

मॅडमनी माझ्या पिशवीतून माझा डबा काढला, झाकण उघडलं आणि ओट्यावरच्या वजनकाट्यावर ठेवला. हॉलमध्ये बसलेल्या त्यांच्या दोन मैत्रिणी उठून बघायला आल्या. दीड भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा. मॅडमनी आकडा मोठ्याने वाचला. एक मैत्रीण म्हणाली, "बापरे, एवढं खाते ही?" मला नाही विचारलं. मॅडमना विचारलं. माझे हात कणकेत होते.

मुलुंडच्या त्या टॉवरमध्ये मी चार वर्षं स्वयंपाक केला. भांडुपहून यायची, सकाळी सातपासून दुपारपर्यंत. मॅडमची मुलगी मिहिका, बारा वर्षांची. अंगाने जरा भरलेली, बस. पण मॅडमनी तिचं वजन उतरवायचं मनावर घेतलं आणि घरात काटा आला. पोळीचा एकेक गोळा मी त्यावर ठेवायची, जास्त भरला की चिमूटभर कणीक काढायची. पोरीने काय खाल्लं ते फ्रिजवरच्या कागदावर लिहायची. संध्याकाळी मॅडम ऑफिसमधून आल्या की ते मोबाइलमध्ये भरायच्या. म्हणजे मोजणारी मीच. हे आधीच सांगून टाकते, मागाहून सांगितलं तर लपवल्यासारखं होईल.

दुपारी शाळेतून आली की पोरीचं ताट पाच मिनिटांत संपायचं. मग मी खाली बसून डबा उघडला की समोर येऊन बसायची. मागायची नाही. नुसती बघायची. आता समोर लेकरू बसलेलं असताना आपल्या घशाखाली घास कसा उतरेल? आमच्यात तसं खातच नाहीत. मी अर्धी भाकरी मोडून द्यायची. "मावशी, कागदावर लिहू नको हं," म्हणायची. नाही लिहिलं मी कधी.

वजन उतरेना, म्हणून त्या शनिवारी डबा काट्यावर चढला. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे सगळं तुम्ही एकट्या खाता? की इथलं काही जातं यात, की मिहिकाला देता?" दुसरी मैत्रीण हळूच म्हणाली, "या लोकांना हात मारायची सवय असते गं."

मला ऐकू आलं. माझी आईपण लोकांकडे भांडी घासायची, हेच ऐकून घरी यायची. मी घाबरले. काम जाईल, वर चोर म्हणतील. आणि मी म्हटलं, "मी नाही देत. तीच घेते. मी पाणी भरायला उठले की डब्यातून उचलते."

चोर हा शब्द माझ्यावर येत होता. मी तो पोरीवर ढकलला.

मॅडमनी तिला बोलावलं. खांद्यावर हात ठेवून माझ्यासमोर उभी केली. "मावशींना सॉरी म्हण." ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ. मी खरं बोलेन म्हणून थांबली होती, आणखी काय. शेवटी म्हणाली, "सॉरी मावशी, मी तुझी भाकरी चोरली."

"असू दे," मी म्हटलं. मी तिला माफ केलं. माझी लाज बघा.

सोमवारपासून नियम झाला. आल्या आल्या डबा काट्यावर. दुपारी जेवायला बसताना पुन्हा काट्यावर ठेवायचा आणि मॅडमना फोटो पाठवायचा. मी मुकाट पाठवत राहिले. मिहिका आता समोर बसायची नाही. खोलीत जायची, दार लावायची. मी एकटी खायची.

महिनाभराने एक दिवस ती ताट घेऊन ओट्याशी आली. स्वतःच पोळी काट्यावर ठेवली, कड तोडली आणि तुकडा माझ्याकडे सरकवला. "मला आता भूक लागतच नाही मावशी," म्हणाली. शाबासकी मिळेल अशा आवाजात. मी तो तुकडा हातात घेऊन उभी राहिले. पोरीची भूक मारायला मीपण हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी हात पुढे केला. मी डबा दिला नाही.

"माझा डबा काट्यावर चढणार नाही. आणि तिने चोरलं नव्हतं. मी दिलं होतं, रोज, माझ्या हाताने. खोटं मी बोलले."

मॅडम म्हणाल्या, "मग उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला? आत्ताच निघते."

मिहिका दाराशी बुटाची लेस बांधत होती. मी तिला म्हटलं, "चोर तू नाहीस गं. मी खोटारडी." तिने मान वर केली नाही. लेस बांधली आणि लिफ्टकडे गेली.

आता घाटकोपरला काम करते. तिथेही काटा आहे. पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं, "पोळीचा गोळा मोजून देईन. पण माझ्या डब्याला हात लावायचा नाही आणि लेकरांनी काय खाल्लं ते मी लिहून देणार नाही. चालत असेल तर पदर खोचते." त्या हो म्हणाल्या.

मॅडमनी केलं ते त्यांच्यापाशी. मी केलं ते माझ्यापाशी, ते कुठे जात नाही. पण स्वतःचं काम वाचवायला लेकराला चोर ठरवणं, ते पुन्हा नाही. काम गेलं तरी नाही.